नवा कन्सोल, जुने खेळ : काय चालतं, काय चालत नाही?

घरात नवा कोरा प्लेस्टेशन ५ येतो आणि पहिल्याच संध्याकाळी माळ्यावरचा जुन्या डिस्कचा डबा खाली उतरतो. दुकानदाराने सांगितलेलं असतं, ‘सगळं चालतं.’ मित्र म्हणतो, ‘जुनं काहीच चालत नाही.’ दोघांचंही चुकतं. कोणता खेळ कुठे चालणार, हे मशीनच्या रचनेवर आणि कंपनीच्या हिशेबावर ठरतं.

गैरसमज : नवा कन्सोल जास्त ताकदवान आहे, म्हणजे जुने खेळ चालणारच.

वस्तुस्थिती : ताकदीचा इथे फारसा संबंध नाही. डिस्कवरच्या सूचना विशिष्ट प्रोसेसरलाच कळतील अशा लिहिलेल्या असतात. पीएस३ मधला ‘सेल’ प्रोसेसर मुलखावेगळा होता. एक मुख्य गाभा आणि त्याच्या दिमतीला छोटे मदतनीस, त्यातले सहा खेळांसाठी मोकळे. कोणतं काम कोणत्या मदतनीसाला द्यायचं, हे खेळ लिहिणाऱ्यांनी स्वतः आखलेलं असे. पीएस५ मध्ये एएमडीचा अगदी वेगळ्या घराण्यातला प्रोसेसर आहे. त्यावर पीएस३ चा खेळ चालवायचा, तर खेळ चालू असतानाच एकेका सूचनेचं भाषांतर व्हावं लागतं. हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला एम्युलेटर म्हणतात.

पूर्वी सोनीने यावर सरळ तोडगा काढला होता : जुनी चिपच नव्या मशीनमध्ये बसवायची. २००० साली आलेल्या पीएस२ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर होता. एरवी तो कंट्रोलर, मेमरी कार्ड वगैरे सांभाळायचा. जुनी डिस्क घातली की खेळाची सूत्रं हाती घ्यायचा. २००६ च्या पीएस३ मध्येही पीएस२ च्या दोन मुख्य चिप्स होत्या. पण त्यांनी खर्च वाढत होता. मार्च २००७ च्या युरोपीय मॉडेलमध्ये दोनातली एकच उरली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ४० जीबीच्या मॉडेलमधून पीएस२ ची सोयच गेली.

पीएस४ आणि पीएस५ मात्र एकाच घराण्यातले. म्हणून पीएस४ चे चार हजारांहून अधिक खेळ, मोजके अपवाद वगळता, पीएस५ वर चालतात. त्याआधीच्या तिन्ही प्लेस्टेशनच्या डिस्क चालत नाहीत. पहिल्या प्लेस्टेशनचे खेळ तर सीडीवर येत, आणि पीएस५ चा ड्राइव्ह सीडी वाचतच नाही. भारतातच घडवलेला, २००९ सालचा ‘हनुमान : बॉय वॉरियर’ तुमच्याकडे असेल, तर त्याची डिस्क पीएस२ वर लावावी लागेल.

गैरसमज : एक्सबॉक्सवर कोणतीही जुनी डिस्क चालते.

वस्तुस्थिती : या बाबतीत मायक्रोसॉफ्ट उजवी आहे, पण ‘कोणतीही’ हे खरं नाही. एक्सबॉक्स ३६० चे सहाशेहून अधिक आणि मूळ एक्सबॉक्सचे साठेक खेळ नव्या मशीनवर चालतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ७६ खेळांची भर घालून कंपनीने ही यादी बंद केली. कारण तांत्रिक होतं तसं कायदेशीरही. खेळातली गाणी, गाड्या, सिनेमातली पात्रं यांचे परवाने संपलेले असतात. काही वेळा हक्क नेमके कोणाकडे आहेत तेच कळत नाही.

शिवाय ३६० ची डिस्क इथे फक्त मालकीचा पुरावा ठरते. ती घातली की नव्या मशीनसाठी तयार केलेली प्रत इंटरनेटवरून उतरते. खेळताना डिस्क आतच ठेवावी लागते. एक्सबॉक्स सिरीज एसला तर डिस्क ड्राइव्हच नाही.

गैरसमज : नव्या कन्सोलवर जुना खेळ आपोआप देखणा होतो.

वस्तुस्थिती : एसएसडीमुळे तो लवकर सुरू होतो, एवढं नक्की. पण सेकंदाला ३० चित्रांची मर्यादा खेळातच घालून ठेवलेली असेल, तर ती आपोआप उठत नाही. २०१५ चा ‘ब्लडबॉर्न’ पीएस५ वरही तिशीतच अडकतो. एक्सबॉक्सवर ही गती वाढवायची सोय आहे, पण निवडक खेळांपुरती.

गैरसमज : पीएस प्लसचं सर्वात महाग सदस्यत्व घेतलं की पीएस३ चे खेळही मिळतात.

वस्तुस्थिती : काही देशांत ‘प्रीमियम’ सदस्यांना ते मिळतात, पण खेळ चालतो सोनीच्या सर्व्हरवर आणि घरी येतं फक्त चित्र. २०२२ मध्ये भारतात त्याऐवजी ‘डीलक्स’ श्रेणी आली, ती या स्ट्रीमिंगशिवाय.

गैरसमज : एम्युलेटर बेकायदा असतो, पण मूळ डिस्क आपली असेल तर खेळ नेटवरून उतरवायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : दोन्ही बाजू उलट्या आहेत. मॅकिंटॉशवर प्लेस्टेशनचे खेळ चालवणारा एम्युलेटर विकणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीवर सोनीने अमेरिकेत खटला भरला होता. २००० साली अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. खेळाची गोष्ट वेगळी. भारताच्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ प्रोग्रॅमची वैध प्रत बाळगणाऱ्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करू देतं. तिसऱ्याच कोणी नेटवर टाकलेली प्रत उतरवणं त्यात बसत नाही. खेळाची विक्री थांबली म्हणून त्याचा कॉपीराइटही संपत नाही.

गैरसमज : जुनं मशीन नव्या टीव्हीला जोडलं की झालं.

वस्तुस्थिती : बहुतेक खेळ चालतील, पण नव्वदच्या दशकातल्या टीव्ही गेमची बदकं मारायची बंदूक चालणार नाही. तिच्यातून काहीच सुटत नसे. नळीत फक्त प्रकाश टिपणारा सेन्सर होता. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. त्या क्षणी सेन्सरला उजेड दिसला तर नेम लागला. काचेच्या जुन्या टीव्हीवर चित्र तत्काळ उमटायचं. एलसीडी आधी चित्रावर प्रक्रिया करतो, मग दाखवतो. तेवढ्यात बंदुकीने बघून झालेलं असतं.

२०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने केलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात विकतच मिळत नव्हते. तेव्हा नवा कन्सोल घेण्याआधी आपल्या डिस्कची यादी करा, कंपनीच्या संकेतस्थळावरच्या यादीशी ती ताडून पाहा आणि डिस्क ड्राइव्ह असलेलंच मॉडेल घ्या. जे खेळ त्या यादीत नसतील, त्यांच्यासाठी जुनं मशीन जपून ठेवा. भंगारवाल्याला देऊ नका.