दादाला द्यायचं की ठेवायचं?

अनुभवी बचावपटूला वेळेत सोडावं, की शेवटपर्यंत जपावं? फझल अत्राचलीच्या बाबतीत मुंबई-पुण्याच्या संघमालकांना पडलेला प्रश्न एका रात्री थेट आमच्या बदलापूरच्या मंडळाच्या दारात येऊन उभा राहिला...

मंगळवारी रात्री साडेदहाला फोन वाजला. अंबरनाथच्या एका मंडळाचे सेक्रेटरी होते. इकडचं तिकडचं झालं, पावसाचं झालं, लोकलच्या गर्दीचं झालं, आणि मग साहेब मुद्द्यावर आले.

‘‘तुमचा डावा कोपरा आम्हाला द्या. बदल्यात आमचा एक चढाईपटू घ्या. २१ वर्षांचा आहे. पोरगं म्हणजे नुसतं वारं आहे, वारं!’’

डावा कोपरा म्हणजे आमचा दादा. वय वर्षं ३८. एमआयडीसीत नोकरी, फिरती शिफ्ट, दोन मुलं आणि एक दुखरा खांदा. मंडळाच्या कपाटातल्या निम्म्या ढाली त्याच्या हातांनी आलेल्या. चढाईपटूचा घोटा कसा धरायचा, हे मला त्यानंच शिकवलं. पुढे माझा गुडघा गेला, मी खेळ सोडला, मुंबईतल्या एसी ऑफिसात खुर्ची धरली आणि इथे मंडळाचा सेक्रेटरी झालो. दादा मात्र अजून मैदानातच!

उत्तर रविवारपर्यंत द्यायचं होतं. माझी झोप उडाली, हे वेगळं सांगायला नकोच.

लोकलमधली संसद

बदलापूरची सकाळची फास्ट लोकल म्हणजे आमची संसद. दुसऱ्या दिवशी मी विषय टाकला आणि अंबरनाथ यायच्या आत दोन पक्ष पडले. ‘‘ज्यानं मंडळ उभं केलं त्याला द्यायचं? लाज वाटली पाहिजे!’’ हा पहिला पक्ष. ‘‘चढाईपटू नाही म्हणून मागच्या वर्षी पहिल्याच फेरीत घरी आलो, ते विसरलात?’’ हा दुसरा.

उल्हासनगरला आमचा सिंधी दोस्त चढला. घरचा जीन्सचा धंदा, हा स्वतः बँकेत. आमच्या जर्सी दरवर्षी तोच उल्हासनगरातून घाऊक भावात मिळवून देतो, त्यामुळे त्याच्या मताला वजन! सगळं ऐकून तो शांतपणे म्हणाला, ‘‘बॉस, सिंपल आहे. माल जुना व्हायच्या आत काढायचा. आज गिऱ्हाईक आहे, उद्या नसेल.’’

दादाला ‘माल’ म्हणाला म्हणून विठ्ठलवाडीपर्यंत त्याच्याशी कुणी बोललं नाही. पण खरं सांगू? मनात मलाही ते पटत होतं.

सुलतानचा भाव

लंच टाइमला ऑफिसातल्या पुणेकर मैत्रिणीसमोर मी हेच रडगाणं गायलो. ती पुणेरी पलटणची कट्टर फॅन. ती म्हणाली, ‘‘आमच्याकडे बघ ना. आम्ही फझलला सोडलं आणि चॅम्पियन झालो!’’

आता हा फझल कोण, हे कबड्डी न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. फझल अत्राचली. इराणचा, जन्म १९९२चा. प्रो कबड्डीत डावा कोपरा सांभाळतो. लीगच्या इतिहासात सर्वाधिक टॅकल पॉइंट्स त्याच्याच नावावर. चाहते त्याला ‘सुलतान’ म्हणतात. २०१५ मध्ये यू मुंबानं विजेतेपद मिळवलं, तेव्हा तो संघात होता. २०१८च्या लिलावात मुंबईनंच त्याच्यासाठी १ कोटी मोजले, पुढे कर्णधारही केलं. आठव्या मोसमात, म्हणजे २०२१-२२ मध्ये, संघ प्लेऑफलाही पोचला नाही. मग २०२२ मध्ये मुंबईनं त्याला लिलावात जाऊ दिलं. पुण्यानं १.३८ कोटींना उचललं आणि कर्णधार केलं. त्याच मोसमात पलटण फायनलला! १७ डिसेंबर २०२२ला, तेही मुंबईतच, जयपूरकडून २९-३३ असा पराभव झाला.

फायनलपर्यंत नेणारा कर्णधार. तुम्ही काय केलं असतं? पुण्यानं त्याला सोडलं! २०२३च्या लिलावात गुजरातनं त्याला १.६० कोटींना घेतलं. आणि १ मार्च २०२४ला हैदराबादमध्ये अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पलटणनं हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा ट्रॉफी उचलली.

‘‘बघ, जमलं की नाही?’’ मैत्रीण म्हणाली. मी जवळजवळ अंबरनाथला फोनच लावणार होतो.

पण रात्री परतीच्या गाडीत डोकं जरा थंड झालं आणि हिशोबातला लोच्या लक्षात आला. पुण्यानं फझलला सोडून पैसे वाचवलेच नव्हते. उलट त्याच लिलावात त्यांनी मोहम्मदरझा शादलूवर २.३५ कोटी ओतले होते. तोही इराणचा, तोही डाव्या कोपऱ्याचा, आणि फझलपेक्षा आठ वर्षांनी लहान! म्हणजे पुण्यानं सुलतानला सोडलं, पण त्याची जागा एक दिवसही रिकामी ठेवली नाही. मुंबईचं काय झालं? फझल असताना आठव्या मोसमात प्लेऑफ हुकला, तसा तो गेल्यावर नवव्या आणि दहाव्या मोसमातही हुकलाच. नुसता म्हातारा काढून संघ तरुण होत नाही, मंडळी!

फुटबॉलवाल्यांनी हसू नये. आपल्या मुंबईचाच बचावपटू राहुल भेके. मे २०२४ मध्ये त्यानं मुंबई सिटीचा कर्णधार म्हणून आयएसएलचा कप उचलला आणि त्याच उन्हाळ्यात, वयाच्या ३३व्या वर्षी, तो बंगळुरूला परत गेला. पुढच्या मार्चमध्ये प्लेऑफला याच दोन टीम समोरासमोर आल्या. निकाल? बंगळुरू ५, मुंबई ०. पाचही गोल एका माणसाच्या जाण्यामुळे झाले असं कुणी म्हणणार नाही. पण मागची फळी विस्कटली की काय होतं, ते स्कोअरबोर्डवर दिसलं.

कोपऱ्यात उभं राहून काय दिसतं?

चढाईपटू वयानं मंदावला की गॅलरीतल्या पोरालाही कळतं. कोपरारक्षकाचं तसं नसतं. त्याचं निम्मं काम डोळ्यांचं. चढाई ३० सेकंदांची. तेवढ्यात समोरच्याचा पुढचा पाय कुठला, तो बोनसला येतोय की नुसता वेळ काढतोय, हे वाचायचं. शेजाऱ्याचा हात धरून साखळी पुढे न्यायची की मागे खेचायची, ते ठरवायचं. आत कधी घुसायचं, ते ओरडून सांगायचं. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले की पकडीला दोन गुण मिळतात. अशा वेळी पायातल्या वेगापेक्षा डोक्यातली शांतता जास्त कामाला येते.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी दादाचा हिशोब करताना फक्त त्याचा खांदा मोजत होतो!

म्हणून शुक्रवारी रात्री शाळेच्या मैदानात एक प्रयोग केला. दादाची सेकंड शिफ्ट होती, तो येणार नव्हता. त्याच्या जागी १९ वर्षांचा पोरगा उभा केला. उंच, चपळ, रोज जिमला जाणारा. पहिल्या चार चढायांत तीन बोनस गेले. पाचव्या चढाईला पोरगा एकटाच आत घुसला आणि बाकीचे सहा जण बघत राहिले. पोराची काही चूक नव्हती. ‘आता!’ म्हणून ओरडणारं कुणी नव्हतं, एवढंच. इतकी वर्षं ते एकटा दादाच ओरडत होता आणि आम्ही ते दुसऱ्या कुणालाही शिकू दिलं नव्हतं. दोष त्याचा नाही, आमचा. सेक्रेटरी म्हणून सगळ्यात जास्त माझा.

तुमच्या ऑफिसातही असा एक सिनियर असेल. एक्सेल हळू चालवतो, पगार जास्त घेतो. तो गेल्यावर दोन महिन्यांनी सगळ्यांना कळतं की बिघडलेलं काम मार्गी लावणारा एक फोन नंबर फक्त त्याच्याच डोक्यात होता!

सोडण्याआधीचे तीन प्रश्न

त्या रात्री कागदावर तीनच प्रश्न लिहिले. कुठल्याही टीमला चालतील.

एक : त्याच्या जागी उद्या सकाळी कोण उभा राहणार? नाव घेता येत नसेल, तर सौदा करू नका.

दोन : त्याला जे कळतं, ते आणखी कुणाला कळतं का?

तीन : त्याला विचारलंत का?

तिसऱ्या प्रश्नाला माझा पेन थांबला. सेक्रेटरी बोलले, गाडीतली संसद बोलली, पुण्याची मैत्रीण बोलली. ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं, त्याला मात्र पत्ताच नव्हता.

चहाच्या टपरीवर

शनिवारी सकाळी दादाला बदलापूर स्टेशनबाहेर गाठलं. कटिंग मागवली. मी शब्द जुळवतोय, तेवढ्यात तोच म्हणाला, ‘‘अंबरनाथवाल्यांचा फोन आला ना?’’

‘‘तुला कुणी सांगितलं?’’

‘‘अरे, त्यांचा सेक्रेटरी माझ्याच कंपनीत आहे. आधी मलाच विचारलं त्यानं. मी म्हटलं, मंडळाला विचार.’’

मला काय बोलावं कळेना. ‘‘मग... तुला जायचंय का दादा?’’

त्यानं चहा संपवला. ‘‘शिफ्ट सुटली की त्यांचं मैदान पाच मिनिटांवर. प्रॅक्टिस चुकणार नाही. इथे यायचं म्हणजे गाडी, गर्दी, आणि घरी पोचायला अकरा. सोपं काय, ते तुला दिसतंय.’’ मग जरा थांबून म्हणाला, ‘‘पण मी आत्ता गेलो, तर तुमचा कोपरा उघडा पडेल. काल रात्री काय झालं, ते कळलं मला. हे बघ, मला ठेवायचं असेल तर खेळायला ठेवा. गणपतीसारखं बसवून आरती करायला ठेवू नका. आणि द्यायचं असेल तर तोंडावर सांगा. राग येईल, दोन दिवसांत जाईल.’’

आम्ही टपरीवरच ठरवून टाकलं. हा मोसम दादा आमच्याकडेच. पण पहिल्या हाफमध्ये डाव्या कोपऱ्यात तो १९ वर्षांचा पोरगा उभा राहील आणि दादा त्याच्या शेजारी, त्याचा हात धरून. ‘आता!’ पोरानं ओरडायचं, दादानं नाही. दुसऱ्या हाफमध्ये गरज पडली तर जागा बदलायची. मोसम संपला की दादा मोकळा. जिथे मन म्हणेल, तिथे खेळेल.

रविवारी मी अंबरनाथला नकार कळवला. वाऱ्यासारखा चढाईपटू हातचा गेला. पुढे एका स्पर्धेत तोच आमच्याविरुद्ध खेळला आणि त्याच्या सात गुणांनी उपांत्यपूर्व फेरीत आमचा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी गाडीत उल्हासनगरचा दोस्त चढला तोच म्हणाला, ‘‘सांगितलं होतं ना? घाट्याचा सौदा!’’

असेलही. पण त्याच सामन्यातली एक चढाई मी विसरणार नाही. आमचे तीनच गडी उरले होते. ते वाऱ्यासारखं पोरगं डाव्या कोपऱ्याकडे झेपावलं. ‘आता!’ आवाज कोवळा होता, दादाचा नव्हता. घोटा धरला गेला, मागून दादा आणि तिसरा गडी तुटून पडले. सुपर टॅकल, दोन गुण!

आणि सुलतान? २०२४ मध्ये त्याचा भाव ५० लाखांवर आला, बंगालनं घेतला. त्याच्या पुढच्या वर्षी तो दबंग दिल्लीत गेला. ३१ ऑक्टोबर २०२५ला दिल्लीत फायनल होती, समोर त्याला सोडून चॅम्पियन झालेली पुणेरी पलटण. शेवटच्या क्षणांत पुण्याचा तरुण आदित्य शिंदे चढाईला आला आणि ३३ वर्षांच्या फझलनं त्याला धरलं. दिल्ली ३१, पुणे २८.

पुण्याच्या मैत्रिणीला मी दुसऱ्या दिवशी काही बोललो नाही. फक्त तिच्या टेबलावर एक कटिंग नेऊन ठेवली. चहा संपवून ती म्हणाली, ‘‘तेव्हा सोडलं ते बरोबरच होतं. पण काल रात्री तो आमच्याकडे हवा होता, यार!’’