यकृत : घरातले आणि गोठ्यातले

आमच्या रुग्णालयात येणाऱ्या ग्रामीण रुग्णांपैकी अनेकांच्या दारी गाय, म्हैस किंवा शेळी बांधलेली असते. माणूस आणि जनावर एकाच शेतातील धान्यचाऱ्यावर जगतात. म्हणून यकृताच्या विकारांचा विचार येथे दोन्ही अंगांनी मांडत आहोत.

आतड्यांतून अन्नरस घेऊन निघालेले रक्त प्रथम यकृतात येते. माणसाचे यकृत साधारण दीड किलो वजनाचे असते. ते साखर साठवते, पित्त तयार करते, रक्त गोठविणारी व रक्तातील पाणी धरून ठेवणारी प्रथिने घडविते आणि विषारी अमोनियाचे युरियात रूपांतर करते. गुरांच्या यकृताचे कार्यही मूलतः हेच.

त्यामुळे यकृत बिघडल्याच्या खुणाही मिळत्याजुळत्या असतात. प्रथिने कमी पडली की माणसाच्या पायांवर सूज येते, पोटात पाणी साचते. पाणथळ कुरणात चरणाऱ्या गुरांच्या यकृतात चपटे कृमी शिरले, तर जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागते. पित्त अडले की माणसाचे डोळे पिवळे होतात. घाणेरीचा पाला खाल्लेल्या गुरांत तर हरितद्रव्यापासून बनलेला पदार्थ पित्तावाटे बाहेर न पडता कातडीत साठतो आणि उन्हात पांढऱ्या कातडीवर भाजल्यासारख्या जखमा होतात. अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचला की माणूस असंबद्ध बोलतो. जनावर सुस्त होते किंवा दिशाहीन फिरते.

दोघांनाही सारखाच घातक असा एक शत्रू म्हणजे बुरशीतून निर्माण होणारे अफलाटॉक्सिन हे विष. ओलसर राहिलेला मका, भुईमूग, सरकी व पेंड यांत ते तयार होते. १९६० साली इंग्लंडमध्ये दूषित भुईमुगाच्या पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, तेव्हा त्याचा शोध सुरू झाला. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेला मका खाऊन आदिवासी कुटुंबांत काविळीची साथ पसरली. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. त्याच घरांतील कुत्र्यांतही हा आजार दिसून आला.

हे विष शिजविल्याने पुरेसे नष्ट होत नाही. शिवाय, ‘माणसाला नको, तर गुरांना घाला’ या आपल्या काटकसरीच्या सवयीने ते घरातच परत येते. कारण दुभत्या जनावराच्या यकृतात त्याचे रूपांतर होऊन काही अंश दुधात उतरतो. दूध उकळूनही तो जात नाही. ज्यांना ‘ब’ प्रकारची कावीळ जडलेली आहे, त्यांना या विषामुळे यकृताच्या कर्करोगाचा धोका विशेष वाढतो.

यास्तव आमची वाचकांस विनंती आहे : धान्य व पेंड पूर्ण वाळवून, जमिनीपासून उंच व कोरड्या जागी साठवावी. बुरशी आलेला माल घरीही वापरू नये, गोठ्यातही घालू नये. बालकांना जन्मतःच ‘ब’ काविळीची लस द्यावी. गुरांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक औषध पाजावे. डोळे पिवळे दिसताच काविळीची माळ बांधून दिवस घालवू नयेत. रक्ततपासणी करून घ्यावी. यकृतात झीज भरून काढण्याची मोठी शक्ती आहे, मात्र कारण वेळीच दूर झाले तरच तिचा उपयोग होतो. गोठ्यातील जनावर निरोगी राखणे हेही घरातील माणसाच्या आरोग्याचेच काम आहे, असे आम्ही मानतो.