जुन्या मोटारीच्या इंजिनातील ठोका
कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या, १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेच्या चार सिलिंडरी इंजिनावर धावणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या मोटारीत एकाएकी ठकठक सुरू झाली, तर इंजिन उतरवण्याचा हुकूम सोडण्यापूर्वी त्या आवाजाची रीतसर तपासणी करणे श्रेयस्कर होय. इंजिन थंड असताना येणारा आणि तापल्यावर विरणारा ठोका बहुधा पिस्टन व सिलिंडर यांच्यातील वाढलेल्या फटीचा असतो. चढावर ॲक्सिलरेटर दाबताच उमटणारी खणखण स्पार्क वेळेच्या फार आधी पडत असल्याची किंवा पेट्रोल कमी ऑक्टेनचे असल्याची साक्ष देते. आणि टॅपेटची हलकी टकटक, कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरत असल्यामुळे, तितक्याच संथ लयीत ऐकू येते. यांपैकी एकही लक्षण जुळत नसल्यास, इंजिन चालू ठेवून एकेका प्लगचा प्रवाह क्रमाने तोडावा. ज्या सिलिंडरचे ज्वलन थांबताच ठोका मंदावतो, त्याच्याच कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले असावे, असा कयास बांधण्यास हरकत नाही. त्यातच ऑइलचा दाबही उतरला असेल, तर गाडी तत्काळ बंद करावी. कारण वेळीच बेअरिंग बदलून निभावणारे काम हयगयीमुळे क्रँकशाफ्टच्या नाशापर्यंत जाते.