कोन सोपा, वेग अवघड

१९५८ साली कलकत्त्यात विल्सन जोन्स बिलियर्ड्‌सचे हौशी जगज्जेते झाले. वैयक्तिक खेळात जागतिक अजिंक्यपद मिळवणारे ते पहिले भारतीय. २ मे १९२२ रोजी पुण्यात जन्मलेल्या जोन्स यांनी १९६४मध्ये न्यूझीलंडमध्ये हा मान पुन्हा मिळवला. बारा फूट लांबीच्या टेबलावर ते जे हातांनी साधत होते, त्यामागचे भौतिकशास्त्र विलक्षण सुंदर आहे.

बिलियर्ड्‌समध्ये चेंडू तीनच. आपला चेंडू लाल चेंडूला लागून स्वतः पॉकेटात गेला, तर तीन गुण मिळतात. हा ‘इन-ऑफ’. त्याचा हुकमी फटका म्हणजे ‘हाफ-बॉल’: नेम लाल चेंडूच्या बरोबर कडेवर धरायचा. टक्कर झाली, की आपला चेंडू बाजूला फेकला जातो; पण त्याची गिरकी शिल्लक असते. कापडाशी होणाऱ्या घर्षणामुळे ती गिरकी त्याला पुन्हा थोडा पुढे ओढते. अखेर चेंडू मूळ दिशेपासून साधारण ३४ अंशांनी वळतो. घरंगळत येणाऱ्या चेंडूसाठी हा जवळपास कमाल कोन. कमाल बिंदूच्या आसपास आलेख सपाट असतो, म्हणून नेम किंचित चुकला तरी कोन फारसा बदलत नाही. निसर्गानेच इथे चुकीला जागा ठेवली आहे.

वेगाला मात्र अशी सवलत नाही. या फटक्यात पुढे सरकण्याच्या गतीतली सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा लाल चेंडू घेऊन जातो. तो टेबलाच्या कडांवर आपटून परत सोयीच्या जागी थांबला, तरच पुढचा इन-ऑफ मिळतो. जोर थोडा कमी-जास्त झाला, की गुण मिळतात, पण पुढचा फटका अवघड होतो. मोठा ‘ब्रेक’ म्हणजे अशा शेकडो अचूक हिशेबांची अखंड साखळी. राष्ट्रीय बिलियर्ड्‌स अजिंक्यपद बारा वेळा जिंकणाऱ्या जोन्स यांचे मोठेपण मला या सातत्यात दिसते.

१९६५मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे ते प्रशिक्षक झाले आणि १९९६चा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना लाभला. २००३मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. चौतीस अंशांचा कोन कागदावर कुणालाही मांडता येतो. जोराचा अंदाज हातात उतरायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो आणि तो सराव योग्य वाटेवर ठेवणारा गुरू लागतो. जोन्स यांनी आधी स्वतः ही विद्या कमावली, मग पुढच्या पिढीला दिली. म्हणूनच त्यांचे नाव केवळ विजेत्यांच्या यादीत ठेवून भागणार नाही.