‘२५ लाखांची लॉटरी लागली’ असा मेसेज आलाय? एक रुपयाही भरू नका

‘अभिनंदन! तुमच्या मोबाईल नंबरला २५ लाखांची लॉटरी लागली आहे.’ व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर असे मेसेज गावोगावी येतात. सोबत ‘कौन बनेगा करोडपती’चं नाव, अमिताभ बच्चन यांचा फोटो, बँकेचा शिक्का आणि ‘मॅनेजर’चा नंबर असतो. बघणाऱ्याला सगळं खरं वाटतं, पण ही सरळ सरळ फसवणूक आहे.

मुळात तिकीटच घेतलं नाही, तर लॉटरी लागेल कशी? महाराष्ट्र राज्य लॉटरीचं तिकीट विकत घ्यावं लागतं. सोडत तिकिटाच्या नंबरावर निघते, मोबाईल नंबरावर नाही. काही ईमेलमध्ये परदेशातल्या लॉटरीचं आमिष असतं. पण परदेशी लॉटरीत भाग घेण्यासाठी भारतातून पैसे पाठवायला कायद्यानेच बंदी आहे.

पैसे कसे उकळतात?

फोन केला की पलीकडचा माणूस गोड बोलतो. आधी प्रोसेसिंग फी म्हणून थोडे पैसे मागतो. ते भरले की टॅक्स, मग जीएसटी, मग बँकेचा खर्च. आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. सोयाबीन-कापसाचे आलेले पैसे, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम अशीच निघून जाते.

टॅक्सची गोष्ट नीट समजून घ्या. लॉटरीचं बक्षीस १० हजारांच्या वर असेल तर ३० टक्के आयकर बक्षिसाच्या रकमेतूनच कापतात. ‘आधी टॅक्स भरा, मग बक्षीस घ्या’ असं कुणी म्हणालं, की तो चोर आहे हे ओळखा.

खोटा मेसेज कसा ओळखायचा?

- नंबर +९१ ऐवजी +९२ किंवा दुसऱ्या देशाच्या कोडने सुरू होतो.
- ईमेल सरकारी खात्याच्या नावाने, पण पत्ता साधा जीमेलचा.
- ‘कुणाला सांगू नका’, ‘आजच पैसे भरा’ अशी घाई.
- आधार, पासबुकचा फोटो किंवा ओटीपी मागतात.
- रिझर्व्ह बँकेचं पत्र दाखवतात. रिझर्व्ह बँक सामान्य माणसाचं खातं ठेवत नाही आणि लॉटरीचे पैसेही वाटत नाही.
- पैसे ‘घेण्यासाठी’ यूपीआय पिन टाकायला सांगतात. पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही.

पैसे गेले असतील तर?

लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितकं लवकर कळवाल, तितकी समोरच्या खात्यात पैसे अडवण्याची शक्यता जास्त. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी वेबसाईटवरही तक्रार करता येते. आपल्या बँकेला कळवा, पोलीस ठाण्यात जा. मेसेज, नंबर, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट डिलीट करू नका, तोच पुरावा आहे. ‘गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ असा फोन नंतर आला, तर तोही फसवणुकीचाच समजा.

घरात आजी-आजोबांकडे मोबाईल असेल तर त्यांना एवढं एकच वाक्य पाठ करून ठेवायला सांगा: बक्षीस मिळवण्यासाठी पैसे मागितले, की फोन ठेवायचा.