केटीची तंगडी

विषय वाचून नाक मुरडू नका! कॉन्व्हेंटमुळे माझं मराठी आधीच अडखळतं, त्यात विषय कुत्र्यांच्या शी-शूचा. पण लिहिण्यामागे कारण आहे, ते शेवटी सांगते.

आपल्या होस्टेलचा केटी सगळ्यांना माहीत आहे. बॅचेस पास होऊन जातात, हा मागेच राहतो, म्हणून नाव केटी! पार्किंगमधल्या प्रत्येक टायरवर तंगडी वर करणं हा त्याचा रोजचा कार्यक्रम. त्यापायी त्याने किती शिव्या आणि चपला खाल्ल्या, त्याची मोजदाद नाही.

पण मित्रांनो, त्याच्या मते तो घाण करत नसतो, नोटीस लावत असतो. लघवीच्या वासावरून दुसऱ्या कुत्र्याला कळतं की इथे कोण येऊन गेलं, नर की मादी. उभ्या वस्तूवर ही नोटीस बरोबर नाकाच्या उंचीवर लागते. टायर तर गावभर फिरून इतरांच्या नोटिसा घेऊन येतो, मग उत्तर नको द्यायला? २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांना असं दिसलं की लहान चणीचे कुत्रे आपल्या मानाने तंगडी जास्तच वर उचलतात. म्हणजे नोटिशीवरून आपण मोठे वाटावं!

शी झाल्यावर मागच्या पायांनी माती उडवणं, हे झाकणं नव्हे. ते मांजरांचं काम. कुत्र्याच्या पंज्यांत वासाच्या ग्रंथी असतात. जमिनीवर ओरखडे आणि वास, दोन्ही मागे राहतात. नोटिशीवरची सहीच म्हणा ना.

आणि बसण्याआधीच्या त्या गोल फेऱ्या? २०१३ मध्ये चेक आणि जर्मन संशोधकांनी ७० कुत्र्यांच्या दोन वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असताना हे कुत्रे उत्तर-दक्षिण दिशेत बसणं पसंत करत होते. याला २०१४ चं इग नोबेलही मिळालं. आमच्या विंगमधली एक जण होकायंत्र घेऊन केटीच्या मागे गेली, तर केटी लाजून पळाला!

आता कारण. गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या गडबडीत केटी दर पाच मिनिटांनी तंगडी वर करायला लागला. येत मात्र थेंबभर. "टाकी रिकामी, तरी पंप चालू," म्हणून आम्ही खूप हसलो. मीसुद्धा. शेवटी मेसच्या मावशी म्हणाल्या, "अगं पोरींनो, हसताय काय? त्याला होत नाहीये. कालपासून पोळीला तोंड लावलं नाही त्याने."

रिक्षात घालून नेलं. लघवीच्या मार्गात खडा अडकला होता. डॉक्टरांनी नळी घालून मोकळं केलं आणि म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर वाचला नसता.

फरक सोपा आहे. नोटीस लावणारा कुत्रा आधी हुंगतो, चटकन पिचकारी मारतो आणि शेपटी हलवत पुढे जातो. आजारी कुत्रा हुंगत नाही, नुसता कुंथतो, कण्हतो, तिथेच चाटत बसतो, कधी लघवीत रक्त दिसतं. असं दिसलं तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

केटी आता ठणठणीत आहे. काल माझ्याच स्कूटीच्या टायरवर नोटीस लावून गेला. मी ओरडले नाही. मोजून बघितलं, धार चांगली होती!