परीक्षा द्यायची की सोडायची?

उन्हाळ्याची सुट्टी पूर्वी आंब्यांची, पापड-कुरडयांची आणि आजोळची असे. आता घरात बारावीचे मूल असले की मे महिना हॉल तिकिटांचा होतो. जेईई मेन, अ‍ॅडव्हान्स्ड, सीईटी, नीट, आयएटी... नावे पाठ करतानाच आईवडिलांची दमछाक होते. यादी लांबली की एक प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो, फक्त मोठ्याने कुणी विचारत नाही : यातली एखादी परीक्षा सोडली तर?

२०२५ च्या मे महिन्यात हा प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी आला. बहीण राहते भोपाळच्या नेहरू नगरात, भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या परिसरात. मेहुणे धारवाडकडचे. त्यामुळे आईशी मराठी, अप्पांशी कन्नड आणि रस्त्यावर हिंदी अशी त्रिवेणी त्या घरात रोजचीच. भाची बारावीत, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेली. एप्रिलमध्ये जेईई मेनचा निकाल लागला आणि ती अ‍ॅडव्हान्स्डला पात्र ठरली. पेढे वाटून झाले आणि मग तारखा समोर आल्या. अ‍ॅडव्हान्स्ड १८ मे रोजी. आयसरच्या प्रवेशाची आयएटी २५ मे रोजी. मध्ये फक्त एक आठवडा.

मेहुण्यांचे स्वप्न साधे होते. धारवाडला २०१६ पासून आयआयटी आहे. मुलगी तिथे गेली तर अज्जीच्या हातचे जेवेल, सुट्टीत बेळगावला आमच्याकडे येईल. मुलीचे मन मात्र भोपाळ शहराबाहेर, भौरीच्या आयसरमध्ये गुंतलेले. तिला इंजिनिअर व्हायचे नव्हते, जीवशास्त्रात संशोधन करायचे होते. पूर्वी अ‍ॅडव्हान्स्डच्या क्रमांकावरही आयसरचे दार उघडत असे. २०२४ पासून तिथे फक्त आयएटी चालते. म्हणजे या दोन परीक्षा आता दोन वेगळ्या वाटांवरच्या झाल्या आहेत.

अभ्यासही पुरता एक नाही. अ‍ॅडव्हान्स्डचे एकाच दिवशी तीन-तीन तासांचे दोन पेपर, विषय भौतिक, रसायन आणि गणित. आयएटी तीन तासांची, साठ प्रश्नांची. त्यातले पंधरा जीवशास्त्राचे, चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. भाचीचे जीवशास्त्र जेईईच्या धबडग्यात मागे पडले होते.

मेहुणे म्हणाले, "मनस्सिद्दरे मार्ग!"
पोर शांतपणे म्हणाली, "अप्पा, मनस्सिल्ल."

घरात दोन दिवस कुणी धड बोलले नाही. बहिणीला वेगळीच धास्ती. "हीही सोडली आणि तीही गेली तर? वर्ष वाया जाईल गं ताई!" आईचे हे भय खोटे नसते. त्याला "काळजी करू नकोस" हे उत्तर पुरत नाही. म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि तीन प्रश्न लिहिले.

पहिला : ही परीक्षा जे दार उघडते, त्या दारातून मुलीला आत जायचे आहे का? आयआयटीतही विज्ञानाचे अभ्यासक्रम आहेत, बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटचे दार तर दोन्ही परीक्षांनी उघडते. पण तिची पहिली पसंती ठरलेली होती.

दुसरा : सोडली तर नेमके काय जाते? इथे एक गैरसमज दूर करायला हवा. "यंदा नाही दिली तर एक संधी शिल्लक राहील" असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. अ‍ॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांतच देता येते. यंदा बसले नाही तरी ते वर्ष गेलेच, पुढच्या वर्षीची तेवढी उरते. संधी साठवून ठेवता येत नाही.

तिसरा : सोडल्यावर हातात काय उरते? भाचीचे जेईई मेनचे गुण हातात होते आणि एनआयटीला तेच चालतात. तिथे निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात, आणि राज्य ठरते ते बारावी कुठून केली यावर. मूळ गाव कुठले याला महत्त्व नाही. म्हणून धारवाडच्या घराण्यातली ही मुलगी भोपाळच्या मॅनिटसाठी मध्य प्रदेशची ठरली. म्हणजे सगळी दारे बंद होणार नव्हती.

चौथा प्रश्न बहिणीने विचारला आणि तोच महत्त्वाचा होता. "भीतीने सोडते आहेस का?" मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "भीती दोन्हींची आहे. पण आयएटीची भीती घेऊन मी अभ्यासाला बसते, अ‍ॅडव्हान्स्डची घेऊन बसवत नाही."

भरलेले शुल्क गेले तर जाऊ दे, असे शेवटी मेहुणेच म्हणाले. १८ मे रोजी ती घरीच जीवशास्त्र घेऊन बसली. ती एकटी नव्हती, हे नंतर आकड्यांवरून कळले. त्या वर्षी अ‍ॅडव्हान्स्डसाठी अडीच लाख मुले पात्र होती. दोन्ही पेपर दिले १ लाख ८० हजार ४२२ जणांनी, आणि उत्तीर्ण झाले ५४ हजार ३७८.

पुढे काय झाले? आयएटीच्या गुणवत्तेवर सातही आयसरचे प्रवेश होतात. तिला भोपाळ मिळाले नाही, मिळाले ओडिशातले बेरहमपूर. धारवाड राहिलेच, भोपाळही हातचे गेले! बहिणीच्या डोळ्यांत पाणी आले. मुलगी मात्र आनंदाने सामान बांधू लागली. निर्णय बरोबर होता का? माझ्या मते हो, आणि प्रवेश मिळाला नसता तरी माझे उत्तर हेच असते. कारण निर्णय घेताना तिला आपण काय सोडतो आहोत हे ठाऊक होते.

आपल्या सीमाभागातल्या घरांनी तर हा हिशेब आधीच मांडावा. आपल्याला वाटा दोन्हीकडे आहेत. वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत अर्ज करता येतो. अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लजच्या कन्नड मातृभाषेच्या मुलांना कर्नाटकात, कन्नडची चाचणी देऊन, गडीनाडू म्हणून बसता येते. दाखले आणि नियमपत्रिका बारावीच्या दिवाळीतच पाहून ठेवा. दुसरे दार ठाऊक असलेले मूल पहिल्या दाराशी कमी घाबरते.

कन्नडमध्ये परीक्षा लिहितात, मराठीत देतात. लिहायची असो की द्यायची, ती मुलांना असते. कोणती द्यायची हे ठरवतानाही त्यांना जवळ बसवून घ्या. आणि मूल "नको" म्हणाले, तर रागावण्याआधी एवढेच विचारा : "हे नको, मग काय हवे?" त्याचे उत्तर तयार असेल, तर परीक्षा सोडणे म्हणजे पळणे नव्हे. उत्तर नसेल, तर मात्र पेपरला जाऊन आलेलेच बरे.